हातात पडणारा पगार सारखाच, मग फरक कुठे? कोल्हापुरातल्या एका घराचा हिशेब

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी, गणपतीत, माझा भाचा घरी आला आणि आरती झाल्यावर म्हणाला, "मामा, मी नोकरी सोडायलोय. दोन वर्षं अभ्यास करणार. ताईचं झालं, माझं पण हुतंय."

भाचा सत्तावीस वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा. तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी विभागात होता. त्याची बहीण दोन वर्षांनी मोठी, बी.एस्सी. झालेली. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून लिपिक-टंकलेखक म्हणून ती फेब्रुवारी २०२५ मध्ये रुजू झाली. नेमणूक मिळाली गगनबावड्याला.

ठिणगी पडली होती महागाई भत्त्याची. राज्य सरकारने त्या महिन्यात भत्ता ५३ वरून ५५ टक्के केला, तोही जानेवारीपासून. ऑगस्टच्या पगाराबरोबर मागची थकबाकीही ताईच्या खात्यात येणार होती. रक्कम किती? मूळ पगार १९,९०० चे दोन टक्के, म्हणजे महिन्याला ३९८ रुपये. सहा महिन्यांचे मिळून २,३८८. एवढ्या रकमेने कुणी नोकरी सोडत नाही. पण भाच्याच्या कारखान्यात त्याच वेळी सांगून झालं होतं, "यंदा मार्केट थंड आहे, वाढीचं दिवाळीनंतर बघू." एकीला न मागता मिळालं आणि दुसऱ्याला मागूनही मिळालं नाही. ते त्याला लागलं.

माझं सगळं आयुष्य उद्यमनगर आणि शिरोलीतल्या लहान-मोठ्या कारखान्यांची पगारपत्रकं करण्यात गेलं. त्यामुळे मी त्याला एवढंच म्हणालो, "राजीनामा दे, पण आधी दोघांच्या स्लिपा माझ्यासमोर ठेव." पुढचे तीन रविवार आम्ही तिघे जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो. त्या वहीतला हिशेब इथे देतोय. सगळे आकडे ऑगस्ट २०२५ चे आहेत.

ताईची स्लिप

लिपिकाची वेतनश्रेणी एस-६, म्हणजे १९,९०० ते ६३,२००. मूळ पगार १९,९००. त्यावर ५५ टक्के महागाई भत्ता १०,९४५. घरभाडे भत्ता १,९९०. इथे एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. कोल्हापूर शहर 'वाय' वर्गात येतं, तिथे हा भत्ता २० टक्के आहे. गगनबावडा 'झेड' वर्गात, तिथे १० टक्के. तीच परीक्षा, तेच पद, पण नेमणूक शहरात झाली असती तर तिला महिन्याला १,९९० रुपये जास्त मिळाले असते.

हे तिन्ही मिळून ३२,८३५. त्यातून पेन्शनसाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के, ३,०८५ रुपये जातात. व्यवसाय कर २००. थोडा प्रवास भत्ता मिळतो, थोडा गटविमा कापला जातो. सगळं धरून हातात २९,८०० च्या आसपास येतात.

भाच्याची स्लिप

कंपनीने नेमणूकपत्रात 'सीटीसी', म्हणजे त्याच्यावर होणारा कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च, लिहिलाय ४,३२,०००. महिन्याला ३६,०००. घरी सगळ्यांना हाच आकडा पाठ होता. आक्का शेजारणीला सांगताना 'छत्तीस हजार' म्हणायची, आणि मुलीचा पगार सांगताना 'तीस'. म्हणजे एकाचा खर्च सांगायचा आणि दुसरीचा हातात येणारा पगार. अशी तुलना मी कितीतरी घरांत ऐकलीय.

छत्तीस हजारांतून कंपनीचा पीएफमधला वाटा १,८०० काढला. ग्रॅच्युइटीची तरतूद ७२१ काढली. वर्षाचा बोनस बारा भागांत वाटून १,२५० धरला होता, तो काढला. आरोग्य विम्याचा हप्ता ५२९ काढला. उरले ३१,७००. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला. हातात २९,७००.

ताईचे २९,८००, त्याचे २९,७००. वही त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती, तरी दोनदा बेरीज तपासली.

तास

मग मी पगारपत्रकावर कधीच नसतं ते विचारलं. गेटमधून आत किती वाजता आणि बाहेर किती वाजता?

ताईचं कार्यालय पावणेदहा ते सव्वासहा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे आठवड्याला साडेबेचाळीस तास. भाच्याची वेळ कागदावर साडेआठ ते साडेपाच, पण डिस्पॅच असलं की सात वाजतात, आणि डिस्पॅच बहुतेक रोज असतं. आठवड्याचे सहा दिवस. त्याने मोबाइलमधले जुने मेसेज बघून चार आठवड्यांचे तास काढले. सरासरी साठ आली. भागाकार केला तेव्हा ताईच्या तासाला १६२ रुपये पडले, त्याच्या तासाला ११४.

तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियमात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती आणि त्यापुढच्या तासाला दुप्पट दर. भाच्याला तो मिळत नाही, कारण तो 'स्टाफ' आहे. त्याच्या हाताखाली एकही माणूस नाही. तो व्हर्नियर आणि गेज घेऊन कास्टिंग तपासतो, रिजेक्शनचे आकडे भरतो. तरीही शर्टवर 'इंजिनियर' लिहिलं की ओव्हरटाइम संपतो. असे मस्टर मी स्वतः वर्षानुवर्षं भरलेत. माणूस दहा तास थांबलेला मला माहीत असायचा आणि मी रकान्यात आठ लिहायचो. मालक सांगायचा, मी लिहायचो. आज भाच्याच्या वहीत तो साठचा आकडा बघताना मला ते सगळे रकाने आठवले. ते चूक होतं.

ताई इथे मध्येच म्हणाली, "मामा, माझी एसटी कुठं धरलीसा?" बरोबर होतं तिचं. कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर. सकाळी आठला घर सोडायचं, परत यायला रात्रीचे आठ. रोजचे साडेतीन तास रस्त्यावर, आठवड्याचे साडेसतरा. धरले की तिचेही साठ झाले. भाच्याचा शिरोलीचा प्रवास रोज तासाभराचा, म्हणजे त्याचे सहासष्ट. आता तासाचा दर निघाला तिचा ११५ आणि त्याचा १०४. एवढा मोठा वाटणारा फरक एका एसटीच्या फेरीत जवळपास विरला. तिची बदली पुढेमागे होईल, त्याचं डिस्पॅच संपणार नाही, हा मुद्दा आहेच. पण 'सरकारी म्हणजे निवांत' हे वाक्य तिच्या आजच्या दिवसाला लागू होत नाही.

वाईट दिवस

माझ्या मते खरा फरक चांगल्या महिन्यात दिसत नाही. तो वाईट दिवशी दिसतो, आणि या घराने सहा वर्षांत तसे बरेच दिवस पाहिलेत.

भाचा २०१९ मध्ये ट्रेनी म्हणून लागला तेव्हा वाहन उद्योगात मंदी होती. इथल्या फाउंड्र्या पुण्याच्या आणि बाहेरच्या वाहन कंपन्यांच्या ऑर्डरींवर चालतात, त्यांनी गाड्या कमी केल्या की इथली भट्टी आठवड्यातून चार दिवस पेटते. त्याला पहिल्या वर्षात काही महिने पूर्ण पगार मिळाला नाही. मग मार्च २०२० आला. मग जुलै २०२१ चा महापूर. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. कारखान्यात पोचणंच अशक्य होतं. ते दिवस त्याच्या रजेतून कापले गेले, रजा संपल्यावर पगारातून.

त्याच पुरात सरकारी माणसाचा पगार कापला गेला नाही, हे खरं. पण महसुलातले माझे ओळखीचे लोक त्या दिवसांत छावण्यांत होते आणि पाणी ओसरल्यावर पंचनाम्यांसाठी चिखलात फिरत होते, शनिवार-रविवार न बघता. ताईलाही या पावसाळ्यात याची चुणूक मिळाली. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की गगनबावड्याची वाट बंद होते, आणि तेव्हा घरी अडकलो ही सबब चालत नाही. तिने तिथे एका मैत्रिणीबरोबर खोली धरून ठेवलीय, तिचं भाडं घरभाडे भत्त्याहून जास्त आहे.

दुसरा वाईट दिवस दाजींच्या अँजिओप्लास्टीचा. २०२३ मध्ये एक लाख ऐंशी हजार लागले. भाच्याच्या कंपनीचा विमा दोन लाखांचा, पण त्यात तो एकटा. आई-वडील नाहीत. त्याने साठवलेले पैसे गेले आणि सोसायटीचं कर्ज काढावं लागलं. आज तसं झालं तर ताईला, आई-वडील तिच्यावर अवलंबून असल्याचं दाखवून, खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी अर्ज करता येतो. बिल मंजूर व्हायला महिने जातात आणि आधी खिशातून भरावं लागतं, तरी दार आहे. भाच्याकडे ते दारच नाही. या एका रकान्यासमोर आक्काने स्वतः पेन घेऊन दोन रेघा ओढल्या.

म्हातारपणाचा रकाना तर सर्वांत विषम निघाला. ताईच्या पेन्शन खात्यात तिचे ३,०८५ आणि सरकारचे १४ टक्के, म्हणजे ४,३१८, असे महिन्याला ७,४०३ जमा होतात, आणि मूळ पगार-भत्ता वाढेल तसे वाढत जातील. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तो सगळ्यांना आठवत असेल. भाच्याच्या नावावर दोन्हीकडचे मिळून ३,६०० जमा होतात. त्याचा मूळ पगार बरोबर १५,००० ठेवलाय. तो योगायोग नाही. पीएफची सक्ती १५,००० पर्यंतच आहे, म्हणून पगाराची मांडणी त्या रेघेवर आणून थांबवतात. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० रुपये 'कर्मचारी पेन्शन योजने'त जातात आणि सूत्राप्रमाणे तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याला महिन्याला साडेसहा-सात हजार पेन्शन बसते. त्यावर महागाई भत्ता नाही. तीस वर्षांनी सात हजारांत काय येईल, याचा विचार करून भाचा बराच वेळ गप्प बसला.

(हे लिहीपर्यंत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, चार कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात 'वेतन' हे एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी धरता येत नाही. पीएफची मर्यादा १५,००० च असल्याने भाच्याच्या पीएफला याने फरक पडत नाही, ग्रॅच्युइटीत थोडा पडेल.)

थांबण्याची किंमत

इथवर हिशेब ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे सोडायलाच पायजे की." तेव्हा मी वहीचं पान उलटलं.

ताईने ऑगस्ट २०१९ मध्ये अभ्यास सुरू केला. आठ महिने पुण्यात, मग लॉकडाउनमध्ये परत, आणि पुढे राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत. परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या, दोनदा थोडक्यात हुकलं. जिथे झालं ती जाहिरात जानेवारी २०२३ ची, ८,१६९ पदांची. रुजू व्हायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. एकूण ६६ महिने. त्याच ६६ महिन्यांत भाचा ११,००० वरून चढत गेला, सरासरी वीस हजार धरले तर त्याने तेरा लाख वीस हजार मिळवले. ताईचा क्लास, पुण्याची खोली, अभ्यासिका, फॉर्म, पुस्तकं यांचे दोन लाखांवर गेले. म्हणजे नेमणूकपत्र हातात आलं त्या दिवशी ती भावापेक्षा पंधरा लाखांनी मागे होती.

हातातला पगार सारखा आहे. पेन्शनच्या जमेत ती महिन्याला ३,८०० ने पुढे आहे. फक्त एवढ्यावर पंधरा लाख भरून काढायचे तर जवळपास तेहेतीस वर्षं लागतील. अर्थात तिची वाढ ठरलेली आहे. दर वर्षी तीन टक्के, दहा वर्षांनी मूळ पगार २६,८००, शिवाय दहा-वीस-तीस वर्षांची आश्वासित प्रगती योजना (बढती मिळाली नाही तरी वरची वेतनश्रेणी) आणि पुढचा वेतन आयोग. सातवा आयोग केंद्रात २०१६ पासून लागू झाला आणि राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या हातात २०१९ मध्ये पडला, तेव्हा आठव्याचीही वाट बघावी लागेलच. हे सगळं धरलं तर ती बऱ्याच आधी पुढे जाईल. पण 'लागली आणि सुटली' असं झालेलं नाही.

आणि हा हिशेब जिला मिळालं तिचा आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. दोनशेहून अधिक जणांत एक. ताईच्या अभ्यासिकेत तिच्या ओळीत बसणाऱ्या सहा मुलींपैकी दोघींना नोकरी मिळाली. उरलेल्या चौघींचे पंधरा लाख कुणाच्याच वहीत लिहिले जात नाहीत. त्यातली एक आता एका सरकारी कार्यालयात डेटा एंट्रीला आहे, ठेकेदारामार्फत. काम ताईसारखंच, वेळ तीच. पगार निम्म्याहून कमी, आणि तोही कधी दीड महिन्याने. वार्षिक वाढ नाही, अकरा महिन्यांनी नवा करार. तिच्या घरचे लोकांना 'सरकारी हापिसात आहे' असं सांगतात. सरकारी आणि खासगी असे दोनच रकाने आखून मी बसलो होतो, तिच्यासाठी तिसरा आखावा लागला, आणि तिन्हींत तोच सर्वांत रिकामा निघाला. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने खासगी संस्थांमार्फत सरकारी पदं भरण्याचा निर्णय काढला होता. राज्यभर ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. तरी ठेक्यावरची टेबलं आहेतच.

भाच्याने दोन वर्षं नोकरी सोडली असती तर हातातले सात लाख बारा हजार आणि पीएफचे शहाऐंशी हजार, मिळून आठ लाख गेले असते. सोसायटीचा हप्ता ताईवर पडला असता. वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८ आहे, त्याच्याकडे अकरा वर्षं होती. मग हातची भाकरी टाकून आजच पळायचं कशाला?

स्थळ

तिसऱ्या रविवारी खरं कारण बाहेर आलं. दोन स्थळांकडून नकार आला होता. एकाने मध्यस्थाला स्पष्टच सांगितलं, "एमआयडीसीतला नको." आक्का हे सांगताना खाली बघत होती. मला राग आला, अजून आहे. ज्या गावाची अर्धी भाकर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या भट्ट्यांवर भाजते, त्या गावात भट्टीवरच्या मुलाला मुलगी देत नाहीत.

पण सरकारी नोकरीचा मान इथे उगीच आलेला नाही, हेही मी त्याला सांगितलं. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. ज्या घरांना कचेरीच्या पायरीवर उभं करत नव्हते, त्या घरांतली माणसं कचेरीत खुर्चीवर बसली. ती आठवण तीन-चार पिढ्या पुरते. त्या खुर्चीत पगारापेक्षा जास्त काहीतरी असतं, आणि ते मागण्यात भाच्याचं काही चुकत नाही. फक्त त्यासाठी फाउंड्रीतल्या कामाला कमीपणा यायचं कारण नाही.

पुढे काय झालं

माझं मत मी दिलं. राजीनामा देऊ नको, नोकरी बदल. आधी आहे तिथे तीन गोष्टी माग. मूळ पगार १५,००० च्या वर नेऊन त्या पूर्ण पगारावर पीएफ, आई-वडिलांचा विमा आणि आठवड्याला ४८ तास. त्याने मागितल्या. विम्याला कंपनी 'हप्ता तू भर' या अटीवर तयार झाली, बाकी दोन्हींना नकार. मालक वाईट माणूस नाही. त्याला गाड्यांच्या कंपन्या नव्वद दिवसांनी पैसे देतात, आणि तो ताण तो खाली ढकलतो. पण भाच्याने तो किती वर्षं उचलायचा?

डिसेंबरमध्ये कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या एका मोठ्या कारखान्यात त्याला जागा मिळाली. मूळ पगार २०,०००, पीएफ पूर्ण मूळ पगारावर, हातात ३१,४००. शिफ्ट सात ते साडेतीन, आठवड्याचे ५१ तास, तीन आठवड्यांतून एकदा दुसरी पाळी. जादा थांबलं तर नोंद होते आणि पैसे मिळतात. तासाचा दर निघाला १४२. कंपनीची बस सहा-दहाला तावडे हॉटेलच्या चौकातून सुटते, म्हणून तो पाचला उठतो. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी पाच वाजता राजारामपुरीत, ताई बसायची त्याच अभ्यासिकेत, जाऊन बसतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात अभ्यास होत नाही, सकाळी झोप पुरी करावी लागते.

ताईने शहराजवळ बदलीसाठी चौकशी सुरू केलीय, पण एवढ्यात होईलसं दिसत नाही. सकाळची एसटी चालू आहे. लिपिकाच्या पदासाठी टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं, मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं. भाच्याने मराठीचा क्लास लावलाय. ताई म्हणते त्याची करंगळी कडेच्या कळांपर्यंत पोचत नाही, भट्टीवरच्या कामाने बोटं आखडलीत. रविवारी तीच त्याला समोर बसवून सराव घेते.